गोव्यात मुलांसकट राहती खोली सुटली तर: आधी काय करायचं, कुणाकडे जायचं

ऑक्टोबर लागला की म्हापसा-कळंगुट पट्ट्यात खोल्यांचे भाव फिरतात. पावसाळाभर महिन्याच्या भाड्याने दिलेली खोली हंगामात पाहुण्यांना दिवसाच्या भावाने जाते. आमच्या मालकिणीने दोन दिवसांची मुदत दिली. करारपत्र नव्हतं, पावती नव्हती, नऊ वर्षं भाडं हातात रोख दिलेलं. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा नऊ. परतीचा पाऊस धो धो. पहिल्या तीन रात्री आम्ही म्हापशाच्या कदंब बसस्टँडवर काढल्या आणि पुढच्या आठ दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात.

मी वकील नाही, समाजसेविका नाही. हॉटेलात चादरी-टॉवेल धुते. पण त्या अकरा रात्रींत आणि पुढच्या सहा महिन्यांत इतक्या दारांवर उभी राहिले की कोणत्या दाराआड काय मिळतं ते पाठ झालं. सिंधुदुर्ग, बेळगाव, चंदगडकडून माझ्यासारखे पुष्कळ जण इथे आलेले आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर निदान चुकीच्या रांगेत दिवस जाऊ नये म्हणून हे लिहिते.

१. खोली सोडण्याआधी कागद बाहेर काढा

भांडी, गॅस, कपाट यांचं नंतर बघता येतं. आधी कागद. मी उलटं केलं. गॅसची शेगडी आठवणीने घेतली आणि मुलाचा जन्मदाखला ट्रंकेच्या तळाशी राहिला. ट्रंक ओसरीवर, ओसरीवर पावसाचा मारा. दाखल्यावरचा शिक्का पसरून निळा डाग झाला. दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी आणखी एक फेरी, आणखी अर्धा दिवसाची मजुरी.

जाड प्लास्टिकच्या, वरून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत एवढं ठेवा:

- मुलांचे जन्मदाखले
- सगळ्यांची आधार कार्डं (नसलं तर निदान नंबर लिहून)
- रेशन कार्ड, मग ते गावचं असलं तरी
- शाळेचं प्रगतिपुस्तक किंवा ओळखपत्र
- मुलांचं लसीकरणाचं कार्ड
- नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, वेगळं राहत असाल तर कोर्टाचे किंवा पोलीस तक्रारीचे कागद
- बँकेचं पासबुक
- खोलीत राहत होतात याचा जो मिळेल तो पुरावा: वीजबिल, भाड्याचे ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद, आणि भाडेकरू पडताळणीचा पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज
- प्रत्येकाचे पासपोर्ट साइजचे चार-चार फोटो

यातला पडताळणीचा अर्ज बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गोव्यात भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांना द्यायची असते. त्याची शिक्का मारलेली प्रत तुमच्याकडे असेल, तर ‘ही बाई इथे राहतच नव्हती’ असं कुणाला म्हणता येत नाही. मला हे खोली गेल्यावर कळलं. सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून एका भरवशाच्या माणसालाही पाठवून ठेवा. मोबाईल भिजतो, चोरीला जातो, चार्जिंग संपतं.

२. पहिली रात्र

सगळ्यात आधी ओळखीचं दार ठोठवा, लाज बाजूला ठेवून. मी तीन रात्री लाजले आणि चौथ्या दिवशी माझ्याबरोबर काम करणाऱ्या वयनीने (वहिनीने) मला चांगलं झापलं. तिचं स्वयंपाकघर दहा बाय आठ. रात्री शेगडी उचलून ओट्यावर ठेवायची आणि खाली आम्ही तिघं झोपायचो.

स्वस्तातलं लॉज घ्यायचा विचार असेल तर जन्मदाखला किंवा आधार बरोबर न्या. गोव्यात २००३ चा स्वतंत्र बाल कायदा आहे. त्यानुसार हॉटेलच्या खोलीत मूल ठेवायचं तर ते आईवडील किंवा नातेवाइकांबरोबर आहे याची नोंद लागते. काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे मुलांचे कागद मागितले तेव्हा राग आला होता. पण पर्यटकांच्या गावात हा नियम कशासाठी लागतो ते किनाऱ्यावर काम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

देवळांच्या अग्रशाळांचंही, म्हणजे देवळाच्या राहायच्या खोल्यांचंही, बरेच जण सुचवतात. त्या भक्तांसाठी असतात. ओळख असेल, कार्यालयात नीट सांगितलं तर एखाद-दुसरी रात्र निघेल. त्यापुढे धरून चालू नका.

घरात मारहाण होत असल्यामुळे तुम्ही बाहेर पडला असाल तर रस्ता वेगळा आहे. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. सखी केंद्रात, म्हणजे वन स्टॉप सेंटरमध्ये, पाच दिवसांपर्यंत राहता येतं. तिथेच वैद्यकीय मदत, पोलीस, वकील यांची गाठ घालून देतात. एक गोष्ट मात्र फोनवरच विचारून घ्या: मुली कोणत्याही वयाच्या चालतात, मुलगे ठरावीक वयापर्यंतचेच. इतर महिला निवासांतही मुलग्यांच्या वयाची अट असते. माझा नऊचा. मी फोन केला तेव्हा समोरच्या बाईंनी आधी विचारलं, “कोण मारतं का?” मी म्हटलं, नाही. मग त्यांनीच मला पुढचा नंबर दिला, १०९८.

उघड्यावर थांबायचीच वेळ आली तर अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊ नका. पोलीस चौकी किंवा तिकीट खिडकीच्या समोर, उजेडात बसा. मुलांना स्वच्छतागृहात एकटं पाठवू नका, दोन मिनिटांसाठीही नाही.

३. १०९८: ज्या नंबरची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती

हा टप्पा सावकाश वाचा.

आमच्या वाड्यावर पोरांनी मस्ती केली की आया म्हणायच्या, “अपना घरात घालतील हं!” अपना घर म्हणजे मेरशीचं सरकारी बालगृह. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं: सरकारला कळलं की आपल्याला घर नाही, तर मुलं घेऊन जातील. म्हणून मी तीन रात्री पोलीस दिसले की मुलांना उठवून बसवायची. बसची वाट बघतोय असं दाखवायची. मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि तिची मान पुढे पडायची.

तिसऱ्या रात्री एक महिला कॉन्स्टेबल जवळ आली. “भुरगीं कोणाचीं गो?” मी म्हटलं, माझीच. आधार दाखवलं. तिने पोरीच्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि फोन काढला. मी हात जोडले. ती म्हणाली, “अगो, तुझीं भुरगीं कोण व्हरना.” तुझी मुलं कुणी नेत नाही. आणि १०९८ लावला.

१०९८ ही चाइल्डलाइन. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झाली, आता सरकारच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेखाली चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. फोन फुकट, चोवीस तास. मूल स्वतः करू शकतं, आई करू शकते, रस्त्यावरून जाणारा कुणीही करू शकतो.

आता भीतीचं मूळ. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल’ अशी एक व्याख्या आहे. त्यात पहिल्याच ओळीत घर किंवा राहण्याचं कायम ठिकाण नसलेलं आणि निर्वाहाचं साधन नसलेलं मूल येतं. म्हणजे आपली मुलं त्यात येऊ शकतात. आई म्हणून हे वाचून छातीत धस्स होतं. पण मदतही याच ओळीतून मिळते. महिन्याचे पैसे, शाळेला पत्र, वकील, या सगळ्याला पाय फुटतात ते मूल या व्याख्येत बसतं म्हणून. आणि त्याच कायद्याच्या सुरुवातीला, तिसऱ्या कलमात, तत्त्वं दिली आहेत: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. घर नाही एवढ्यावर आई वाईट ठरत नाही. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांबाबत सरकारने जी कार्यपद्धती ठरवली आहे तीतही कुटुंबासह रस्त्यावर असलेली मुलं हा वेगळा गट धरला आहे. एकट्या सापडलेल्या मुलाला आणि आईच्या कुशीत झोपलेल्या मुलाला एकच नियम लावायचा नसतो.

तरीही कुणी दम दिलाच, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच बोलवा म्हणून सांगा. आणि मुलाला कुठे न्यायचं झालंच, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. मधल्यामध्ये कुणी परस्पर कुठे ठेवू शकत नाही.

एक धोका मात्र खरा आहे. मुलांना सिग्नलवर फुगे विकायला, हात पसरायला लावू नका. ‘दोन दिवसांपुरतं’ म्हणूनही नको. मुलाकडून भीक मागवणं हा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथे मग आईबद्दलची सहानुभूती आटते.

४. बाल कल्याण समितीसमोर

नाव ऐकून कोर्ट वाटतं. आहे त्याच्याच जवळपास, पण खोली साधी असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक बाई. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या समित्या वेगळ्या आहेत. तुम्ही जिथे राहता, किंवा जिथे सापडलात, तिथली तुमची. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एखाद्या सदस्यासमोरही मुलाला नेता येतं. सुट्टी आहे, सोमवारी या, असं ऐकलंत तर हे सांगा.

वकील लागत नाही. कागदांची पिशवी न्या. मुलांना न्हाऊ-माखू घाला, जमेल तसं. मी हॉटेलच्या बाथरूममध्ये दोघांना आंघोळ घातली, गणवेश रात्री पंख्याखाली वाळवला.

काय विचारतात: कधीपासून असे आहात, कमाई किती, कोण नातेवाईक, शाळा चालू आहे का, मुलं रात्री कुठे असतात. खरं सांगा. मी आधी ‘बहिणीकडे राहतो’ असं ठोकून दिलं. मुलगी शेजारीच होती, ती गप्प झाली आणि खाली बघायला लागली. समितीतल्या बाईंनी पेन ठेवलं. “हे बघा, तुम्ही खोटं बोललात तर आम्ही घर बघायला माणूस पाठवणार आणि तिथे घर नसणार. मग?” मग मी सगळं सांगितलं.

मुलांशीही बोलतात. त्यांचं म्हणणं ऐकणं कायद्यात आहे. तुला काय पाहिजे, असं माझ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या तासाला गणिताची चाचणी आहे, आम्हाला सोडा.

त्या दिवशी मुलं माझ्याबरोबरच परत आली. समितीने समाजसेवकाला वयनीच्या घरी पाठवून अहवाल मागवला. त्याला पंधरा दिवसांची मुदत असते. शेवटचा आदेश चार महिन्यांच्या आत व्हावा असा नियम आहे. प्रत्येक तारखेला जा. मजुरी बुडते हे खरं, पण एक तारीख चुकली की फाइल खालच्या गठ्ठ्यात जाते.

कधी कधी समिती सुचवते की खोली मिळेपर्यंत मुलांना बालगृहात ठेवा. ते तुम्हालाच बरं वाटू शकतं. एखाद्या आईला आजारपण असतं, रात्रपाळी असते. त्यात पाप नाही. पण सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावा, आणि एकच प्रश्न विचारा: हा तात्पुरता प्रवेश आहे की मूल सोपवून देण्याचा कागद? सोपवून दिलेलं मूल पुढे दत्तक जाऊ शकतं. त्यावर फेरविचाराला दोन महिने मिळतात, पण तिथवर जाऊच नये. भेटीचे दिवस कोणते, फोन करता येईल का, परत कधी मागता येईल, हे आदेशावर लिहून घ्या.

५. ‘मुलीला आमच्याकडे ठेवा’

याचा वेगळा आकडा घातला आहे, कारण हे येतंच. मला चार दिवसांत दोघांनी विचारलं. एकाचा बंगला होता. “तुमच्या मुलीला आम्ही शिकवू, घरातल्यासारखी राहील.” अकरा वर्षांची मुलगी घरातल्यासारखी राहील म्हणजे सकाळी सहाला भांडी घासेल. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं बेकायदा आहे. दुसरा एका ‘होम’चा माणूस होता, हसतमुख, हातात बिस्किटांचा पुडा.

मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. चांगली संस्था ते भिंतीवरच लावते आणि मूल घेण्याआधी स्वतःच समितीचं पत्र मागते. थेट तुमच्या हातातून मूल घ्यायला कुणी तयार असेल, तर बिस्किटं परत द्या. शंका आली तर १०९८, किंवा गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे लेखी तक्रार.

६. शाळा तुटू देऊ नका

घर गेलं तरी शाळा तीच ठेवा. मुलांच्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट जागेवर राहते. दुपारी पोटात काहीतरी पडतं, माझ्या मुलाला तर शाळेतली पाव-भाजी घरच्यापेक्षा आवडते. वर्गशिक्षिकेला खरं काय ते सांगून ठेवा. आमच्या बाईंनी बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकाला सांगून थांबा बदलून दिला. नाहीतर वयनीच्या घरापासून शाळा दोन बस लांब होती.

शाळा बदलावीच लागली तर शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ लक्षात ठेवा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. वर्षाच्या मध्ये आला म्हणूनही नाही. आधार नाही हे कारणही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं स्पष्ट केलं आहे.

वयनीच्या घराजवळच्या एका शाळेत चौकशी केली, तर तिथल्या क्लार्कने राहण्याचा पुरावा मागून मला तीनदा परत पाठवलं. भांडून उपयोग झाला नाही. चौथ्या वेळी मी साधा अर्ज दोन प्रतींत नेला आणि म्हटलं, नाकारत असाल तर याच्यावर तसं लिहून सही द्या. तोंडी ‘नाही’ म्हणणारा माणूस लेखी ‘नाही’ म्हणायला कचरतो. तो आत मुख्याध्यापकांकडे गेला आणि फॉर्म घेऊन बाहेर आला. शेवटी आम्ही जुनीच शाळा ठेवली, पण ही युक्ती मी पुढे प्रत्येक कार्यालयात वापरली.

७. रेशन, अंगणवाडी, औषधपाणी

रेशन कार्ड दोडामार्गचं, मग गोव्यात काय उपयोग, असं मी नऊ वर्षं समजत होते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत अन्नसुरक्षेचं कार्ड देशात कुठल्याही रास्त धान्य दुकानात चालतं. कार्ड आधारशी जोडलेलं हवं आणि अंगठा जुळायला हवा. गावच्या लोकांचा वाटा गावीच राहतो, तुमचा तुम्ही इथे उचलता. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड’ म्हणाला तर १४४४५ वर फोन करा. धुण्याच्या कामाने माझ्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, मशीन घेतच नव्हतं. मुलीचं नाव कार्डावर होतं, तिचा अंगठा घेतला आणि काम झालं.

सहा वर्षांखालचं मूल असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. पत्ता बदलला की दुसऱ्या अंगणवाडीत नोंद हलवता येते. सरकारी दवाखान्यात उपचारासाठी घरचा पत्ता आड येऊ देत नाहीत, निदान मला तरी आला नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोव्याच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाला मात्र गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

८. खोलीचं काय

मालकाने सांगितलं म्हणून लगेच उठायचं नसतं, हे मला उशिरा कळलं. कोर्टाच्या आदेशाशिवाय सामान बाहेर फेकणं, कुलूप बदलणं याचा अधिकार मालकाला नाही. भाडेकरूंसाठी गोव्यात १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. कायद्याचा मार्ग सोडून कुणी जबरदस्तीने बाहेर काढलं असेल, तर ताबा परत मागायला सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. अकरा महिन्यांचा करार असेल तर गणित थोडं वेगळं होतं, ते वकिलाला दाखवा.

वकील फुकट मिळतो. बायका आणि मुलं यांना कमाई किती हे न विचारता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० वर फोन करा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात थेट जा. तिथे मालकिणीशी बोलणी करायला पत्र गेलं आणि माझी अनामत रक्कम परत मिळाली. खोली नाही मिळाली, तोवर तिथे पाहुणे राहायला आले होते.

पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर बांधून राहणारं कुटुंब असेल, तर ते भाडेकरू नव्हे, मुंडकार असू शकतं. त्यांना १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे आणि प्रकरण मामलेदाराकडे जातं. आमच्यासारख्या भाड्याने राहणाऱ्यांना ते लागू नाही. काही एजंट ‘तुम्हाला मुंडकार करून देतो’ म्हणून पैसे घेतात. देऊ नका.

नवऱ्याच्या घरातून काढलं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली त्याच घरात राहण्याचा आदेश मागता येतो, घर त्याच्या नावावर असलं तरी.

९. महिन्याचे चार हजार

मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व नावाची मदत आहे: एका मुलामागे महिना ४,००० रुपये, मूल घरीच राहावं म्हणून. विधवा, टाकलेली किंवा घटस्फोटित आई, गंभीर आजारी पालक, आणि घर नसलेली मुलं यात बसतात. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. समितीच्या समाजसेवकाचा अहवाल इथेही लागतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातून पळून जाऊ नका.

माझा अर्ज एकदा परत आला. कारण उत्पन्नाचा दाखला. मला हंगामात महिना ९,५०० मिळतात आणि पावसाळ्यात काम अर्ध्यावर येतं तेव्हा ५,०००. दाखल्यासाठी विचारलं, पगार किती? मी म्हटलं साडेनऊ. त्यांनी बारांनी गुणून १,१४,००० लिहिले. झाले मर्यादेच्या बाहेर. मग हॉटेलच्या मॅनेजरकडून सहा-सहा महिन्यांचा पगार लिहून आणला, पासबुकाच्या नोंदी जोडल्या, ५७,००० अधिक ३०,००० असे ८७,००० चा दाखला पुन्हा काढला. गोव्यात हंगामी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच करून घ्यावं.

सोबत लागलं: मुलांचे जन्मदाखले आणि आधार, माझं आधार, नवऱ्याचा मृत्यूदाखला, शाळेचं बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, मुलांच्या नावाचं बँक खातं, फोटो. पैसे यायला पाच महिने लागले. मूल शाळेत जायचं थांबलं तर मदत थांबू शकते.

दयानंद सामाजिक सुरक्षा आणि गृह आधार या गोवा सरकारच्या योजनांचं बरेच जण सांगतील. दोन्हींना गोव्यातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. माझी नऊ झाली होती. त्या रांगेत मी पूर्ण एक दिवस घालवला, तुम्ही घालवू नका. गावी घर असेल तर तिकडच्या तहसीलदाराकडे संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा.

१०. नवी खोली मिळाल्यावर

भाडं मोबाईलवरून द्या, रोख नको. पडताळणीचा अर्ज स्वतः आठवण करून मालकाला भरायला लावा आणि शिक्क्याची प्रत मागून घ्या. समितीला आणि शाळेला नवा पत्ता लेखी कळवा. मग आधारवरचा पत्ता बदला. मुलांचं हे सगळं प्रकरण गावात, व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणा पत्रकाराला फोटोसकट सांगत बसू नका. समितीसमोर आलेल्या मुलाची ओळख छापायला कायद्याने बंदी आहे आणि वर्गातल्या पोरांना कळलं की ती चिडवतात.

आमची आताची खोली हळदोण्याच्या बाजूला आहे. वर पत्रे, पण नळ आत आहे. ताबा घेताना मी मालकांना पहिलंच विचारलं, ऑक्टोबरमध्ये पाहुणे येतात का? ते म्हणाले, समुद्र इथून लांब आहे, इथे कोण येणार? तरी करारावर लिहून घेतलं, अकरा महिने, सप्टेंबर ते जुलै नव्हे, जानेवारी ते नोव्हेंबर. म्हणजे मुदत संपेल ती शाळेच्या नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, पावसात नाही.